विषय क्रमांक तीन : विश्वस्तांचा अभ्यास

पत्र

आमची संस्था सोलापूरच्या पूर्व भागात आहे. विडी कामगार आणि यंत्रमागावरच्या कुटुंबांतल्या मुलांसाठी बालवाडी, मोठ्या मुलांसाठी अभ्यासिका आणि अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून शिकायला येणाऱ्या मुलींचं छोटं वसतिगृह, एवढं काम तीस वर्षांहून जास्त काळ चाललंय. विश्वस्त मंडळात आम्ही नऊ जण. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. संस्था त्यांनीच उभी केली. मी दोन वर्षांपासून कार्यवाह आहे.

2025 च्या सप्टेंबरात, अगदी शेवटच्या आठवड्यात, सीएंच्या ऑफिसातून फोन आला की 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरातून सूट) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्यांच्या नूतनीकरणाची मुदत 30 तारखेला संपतेय. धावपळ करून अर्ज भरला, पण ही मुदत आम्हा नऊ जणांपैकी कुणालाही माहीत नव्हती. मग बँकेने सह्यांचा बदल अडवला. आमचे जुने खजिनदार वारले, त्यांच्या जागी नवे घेतले, पण त्याचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती, कुणी दाखलच केली नव्हती.

मी सभेत सुचवलं की पुण्याहून प्रशिक्षक बोलावून विश्वस्तांचं दोन दिवसांचं शिबिर घेऊ. अण्णा म्हणाले, "तीस वर्षं संस्था चालवली, आता आम्हाला शाळेत घालणार का?" त्याच सभेत आमच्या सगळ्यात तरुण विश्वस्ताने ताळेबंदातल्या एका रकमेबद्दल विचारलं. दोघे ज्येष्ठ चिडले, "आमच्यावर विश्वास नाही का?" तेव्हापासून तो सभेला यायचं टाळतोय. मंडळाला शिकतं कसं ठेवायचं? की मीच राजीनामा देऊन मोकळी होऊ?

— एक कार्यवाह, सोलापूर

उत्तर

ताई,

राजीनामा देऊ नका. तुम्ही गेलात तर आणखी एका बदलाचा चेंज रिपोर्ट राहील आणि तो भरायला हवा हे सांगणारंही कुणी नसेल.

आधी तो चेंज रिपोर्टच हातात घ्या, शिकण्याचं पुढे बघू. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त मंडळात बदल झाला की 90 दिवसांच्या आत तो धर्मादाय कार्यालयाला कळवायचा असतो. कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, मुदत संपून निवडणूक झाली, सगळं त्यात आलं. तुमची मुदत उलटून गेली असणार, तेव्हा रिपोर्टसोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल आणि उशीर का झाला ते खरंखरं लिहावं लागेल. मृत्यूचा दाखला, सभेची सूचना, ठरावाची प्रत, नव्या खजिनदारांचं संमतीपत्र, हे कागद जमवा. वकील ते सगळं व्यवस्थित मांडून देतील.

माझी एक विनंती आहे. ही फाईल तुम्ही एकट्याने ओढू नका. 'रिपोर्टिंग ट्रस्टी', म्हणजे बदल कळवणारे विश्वस्त, म्हणून अण्णांची सही घ्या आणि धर्मादाय कार्यालयात जायच्या दिवशी त्यांच्यासोबत त्या तरुण विश्वस्तालाही पाठवा. कार्यालयाच्या बाकावर नंबर येईपर्यंत दोघे शेजारी बसतील. कागद चाळतील, एकमेकांना विचारतील. शेड्यूल एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, आजही कुणाची नावं आहेत ते डोळ्यांनी बघतील. वारलेल्या माणसाचं नाव सरकारी नोंदीत अजून विश्वस्त म्हणून उभं आहे हे बघितल्यावर माणसाला जे कळतं, ते शिबिरातल्या पडद्यावरून कळत नाही.

शिबिराबद्दल स्पष्टच सांगते. निदान या वर्षी नको. बाहेरचा प्रशिक्षक चांगलाच असेल, पण त्याला तुमची संस्था माहीत नसते. तो सगळ्या संस्थांना लागू पडेल असं बोलतो, म्हणजे तुमच्या अडचणीवर त्याचं बोट पडतच नाही. मंडळी मान डोलावतात, शेवटी सगळ्यांचा फोटो होतो, आणि सोमवारी कपाटातल्या फायली होत्या तिथेच असतात. शिवाय अण्णांच्या त्या वाक्यात अहंकारापेक्षा दुखावलेपण मला जास्त ऐकू आलं. ज्यांनी भाड्याच्या खोलीत बालवाडी सुरू केली, वर्गणी मागत दारोदार फिरले, त्यांना परक्या माणसासमोर विद्यार्थी म्हणून बसवायचं सुचवलंत. नको वाटणं साहजिक आहे. तुमचा हेतू चांगला होता, पण सुरुवात उलट्या टोकाकडून झाली.

विश्वस्तांचं शिक्षण संस्थेच्या स्वतःच्या कागदांपासून सुरू व्हायला हवं, आणि ते नेहमीच्या सभेतच व्हायला हवं. हे मी बऱ्याच संस्थांना सांगत आले आहे, आणि ज्यांनी केलं त्यांना वेगळ्या शिबिराची गरज फारशी पडलेली नाही.

यासाठी पुस्तक शोधायचीही गरज नाही. तुमचे सीए दर वर्षी जो ऑडिट रिपोर्ट देतात तो काढा. ताळेबंद आणि जमा-खर्चाचं पत्रक म्हणजे शेड्यूल आठ आणि नऊ बाजूला ठेवा, त्यांच्या आधीचं पान बघा. नियम 19 खाली हिशेब तपासनीसाने द्यायच्या उत्तरांची यादी तिथे असते. बहुतेक संस्थांत हे पान कुणी वाचत नाही. सीए 'होय', 'नाही', 'लागू नाही' असं भरतात, विश्वस्त शेवटी सह्या करतात. त्यातले प्रश्न साधारण असे आहेत: हिशेब नियमित ठेवलेत का? रोख शिल्लक हिशेबाशी जुळते का? स्थावर-जंगम मालमत्तेचं रजिस्टर आहे का? संस्थेचा पैसा तिच्या उद्दिष्टांबाहेर कुठे वापरला गेला का? एक वर्षाहून जास्त काळ थकलेलं येणं किती, आणि सोडून दिलेली रक्कम किती? कायद्याला सोडून कुठे गुंतवणूक केली का? विश्वस्तांची कमीत कमी आणि जास्तीत जास्त संख्या नियमावलीप्रमाणे आहे का? सभा नियमावलीप्रमाणे होतात का? इतिवृत्ताचं पुस्तक आहे का? कुणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का, म्हणजे तो संस्थेचं देणं लागतो किंवा संस्था त्याचं? आणि माझ्या मते सगळ्यात बोलका प्रश्न: मागच्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी विश्वस्तांनी दुरुस्त केल्या का?

विश्वस्ताला जे जे माहीत असायला हवं त्यातलं बरंचसं या एका यादीत आलंय. एका सभेला एकच प्रश्न घ्या, फार तर दोन. सीएंनी काय उत्तर लिहिलंय ते वाचायचं, मग विचारायचं, "हे उत्तर खरं आहे हे आपल्याला कसं माहीत?" मालमत्तेच्या रजिस्टरपुढे 'होय' लिहिलं असेल तर ते रजिस्टर टेबलावर आणायचं. उघडल्यावर वसतिगृहात नव्याने आलेल्या पलंगांची नोंद नाही, किंवा देणगीत मिळालेली शिलाई मशिनं कुठे गेली ते कळत नाही, असं बऱ्याचदा निघतं. कुणाचीही चोरी नसते. नोंद करायची असते हेच कुणाला ठाऊक नसतं, आणि ते त्या दिवशी सगळ्यांना एकदम कळतं.

गुंतवणुकीच्या प्रश्नाला मात्र एक अख्खी सभा द्या. कलम 35 सांगतं की संस्थेचा शिल्लक पैसा कुठे ठेवायचा: शेड्यूल्ड बँक, पोस्टाची बचत बँक, शासनाने मान्यता दिलेली सहकारी बँक, सरकारी रोखे. यात पतसंस्था नाही. आपल्या भागात पतसंस्थेचे चेअरमन ओळखीचे असतात, कधी ते आपल्याच मंडळात असतात, आणि व्याज थोडं जास्त असतं. म्हणून चांगल्या हेतूने तिथे ठेवी ठेवल्या जातात. धर्मादाय आयुक्तांची परवानगी नसताना असा पैसा ठेवणं विश्वस्तांच्या अंगाशी येऊ शकतं, पतसंस्था कितीही चांगली चाललेली असली तरी. तुमच्या ठेवींच्या पावत्या काढून बघा. तुमच्या तरुण विश्वस्ताने ज्या रकमेबद्दल विचारलं ती अशीच काही असेल तर त्याने प्रश्न विचारून मंडळावर उपकारच केलेत.

तसंच जागेचं. अभ्यासिकेच्या तळमजल्यावर दुकानगाळा असेल आणि तो भाड्याने दिला असेल तर करार किती वर्षांचा आहे ते बघा. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम 36 प्रमाणे आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षांची आहे. विकणं, गहाण टाकणं, बदलून घेणं, बक्षीस देणं यांनाही आधी मंजुरी. संस्थेसाठी कर्ज काढायलासुद्धा कलम 36ए चे नियम आहेत, आधी परवानगी लागते की नुसतं कळवायचं ते कर्ज घेण्याआधी विचारून घ्या. वसतिगृहावर मजला चढवायचा म्हणून बँकेचं कर्ज घ्यायचं ठरवणाऱ्या कितीतरी मंडळांना हे शेवटच्या क्षणी कळतं.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येते. तीस वर्षं संस्था चालवलेल्या माणसाने शिकायचं का?

सोलापुरात सहकार घरोघरी आहे, तुमच्या मंडळातलं कुणी ना कुणी सूत गिरणीत, नागरी बँकेत किंवा हाउसिंग सोसायटीच्या समितीवर असेलच. त्यांना विचारा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम 24ए आहे. संस्थेने आपले सदस्य, अधिकारी आणि कर्मचारी यांचं सहकार शिक्षण आणि प्रशिक्षण घडवून आणावं, आणि समितीच्या प्रत्येक सदस्याने ते ठरलेल्या काळाने घ्यावं, असं ते कलम म्हणतं. तिथे वीस वर्षं निवडून येणाऱ्या चेअरमनलाही सूट नाही आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यात अशी सक्ती नाही. म्हणजे स्वतःच्या भागभांडवलाचा पैसा सांभाळणाऱ्यांना शिकायला लावलंय, आणि लोकांनी दान दिलेला पैसा आणि दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्यांवर ते सोडून दिलंय. मला हे पटत नाही. सक्ती येईल तेव्हा येईल, तोवर आपल्या मंडळाने ठराव करून ते आपल्यावर घ्यावं.

दुसरी गोष्ट, अण्णा जे शिकले ते जुनं झालंय, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पूर्वी आयकराची संस्थानोंदणी एकदा मिळाली की कायमची असे. 1 एप्रिल 2021 पासून ती पाच वर्षांच्या मुदतीची झाली, म्हणून तुमच्या संस्थेची 31 मार्च 2026 ला संपणार होती आणि सहा महिने आधी अर्ज करायचा होता. मग 2025 च्या वित्त कायद्याने लहान संस्थांसाठी, म्हणजे अर्जाआधीच्या दोन्ही वर्षांत ज्यांचं उत्पन्न 5 कोटींच्या आत आहे त्यांच्यासाठी, 12ए नोंदणीची मुदत दहा वर्षांची केली. आणि 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा आयकर कायदाच जाऊन 2025 चा आला. त्यात नोंदणीकृत ना-नफा संस्थांसाठी वेगळा भाग आहे आणि कलमांचे क्रमांक बदललेत. तोंडात बसलेलं 12ए आणि 80जी आता कागदांवर वेगळ्या आकड्यांनी दिसेल. पाच-सहा वर्षांत इतकं बदललं. तीस वर्षांचा अनुभव इथे पुरत नाही, आणि पुण्याहून पदवी घेऊन आलेल्या तरुणाचंही ज्ञान तीन वर्षांत शिळं होतं. ही बाजू सभेत मांडा. अण्णांना काही येत नाही असं सुचवण्याची गरजच नाही, कारण मुद्दा तो नाहीच.

देणग्यांचे नियम तर दारात उभे असतात. नवी पेठेतला व्यापारी देणगी देतो आणि 80जीची पावती मागतो. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्याला करसवलत मिळत नाही हे वर्गणीला जाणाऱ्या विश्वस्ताला ठाऊक हवं. देणगीदारांचं विवरण आजवर 10बीडी नमुन्यात 31 मेपर्यंत भरावं लागत होतं, उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. त्यावरून निघणारा दाखला देणगीदाराला पोचला नाही तर त्याची सवलत अडते आणि पुढच्या वर्षी तो देणगी देत नाही. या वर्षी नव्या कायद्यात काय काय बदललं ते सीएंना सभेला बोलावून मराठीत समजून घ्या. अर्धा तास पुरतो. सीएंची फी आपण देतो, तेव्हा समजावून सांगायला लावणं हा आपला हक्क आहे.

तुमच्या मंडळात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे विश्वस्त असतील आणि ऑडिट इंग्रजीत येत असेल, तर खरी अडचण भाषेची असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. ताळेबंदाच्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने मराठीत अर्थ लिहिलेली एक प्रत तयार करा. पहिल्या वर्षी कष्ट पडतील, नंतर फक्त आकडे बदलतात.

हे सगळं सभेत बसवायचं कसं? विषयपत्रिकेत. पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, दुसरा हिशेब, आणि तिसरा विषय 'विश्वस्तांचा अभ्यास', वीस मिनिटं. दर सभेला, याच क्रमांकावर. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात तो कधीही टाकू नका. तिथवर पोचेपर्यंत चहा आलेला असतो, निम्मे उठलेले असतात. जे शिकलो ते दोन ओळींत इतिवृत्तात लिहा. कुणी मांडलं, काय ठरलं, काय तपासायचं राहिलं. पुढे कुणी विचारलं की मंडळ काळजी घेतं का, तर हे पान दाखवता येतं. आणि वर्षाला दोनच सभा होत असतील तर त्या वाढवा. नियमावलीत लिहिलेली संख्या ही किमान असते, दोन महिन्यांनी एक सभा घ्यायला कुणी अडवलेलं नाही.

मांडणी तुम्ही एकट्याने करू नका, नाहीतर तुम्ही मास्तरीण आणि बाकी वर्ग असं होईल. वर्षभरासाठी एकेक विषय एकेका विश्वस्ताकडे द्या. खजिनदारांकडे गुंतवणूक. निवृत्त शिक्षक असतील तर त्यांच्याकडे नियमावली, म्हणजे संस्थेची घटना. ती शेवटची कधी वाचली होती हे विचारलंत तर सभेत शांतता पसरेल. कोरम किती, मुदत किती, नोटीस किती दिवस आधी, उद्दिष्टांत काय काय लिहिलंय. बालवाडी चालवताय, पण उद्दिष्टांत ती आहे का? उद्दिष्टं बदलायची तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सभासदांच्या दोन सभा आणि तीन पंचमांश मतं लागतात, हे तेव्हाच कळेल.

अण्णांकडे जो विषय द्यायचा तो दुसरं कुणी मांडूच शकत नाही: संस्थेचा इतिहास. जागा कशी मिळाली, कोणत्या देणगीला कोणती अट होती, वसतिगृह मुलींचंच का ठेवलं, कुणाला काय शब्द दिला होता. यातलं बरंच कुठेही लिहिलेलं नाही. त्यांना पहिल्या दोन सभा द्या. तरुण विश्वस्ताला लिहून घ्यायला बसवा, मोबाईलवर रेकॉर्डही करू द्या. अण्णांची खुशामत म्हणून हे करू नका. देणगीच्या जुन्या अटी माहीत नसल्याने संस्था अडचणीत येतात, आणि त्या माहीत असलेला माणूस आज तुमच्यात आहे. स्वतः शिकवायला बसलेला माणूस दुसऱ्याचं ऐकायलाही सहज तयार होतो, हा माझा अनुभव आहे.

आता त्या चिडलेल्या प्रश्नाबद्दल, "आमच्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य आपल्याकडच्या संस्थांमध्ये फार ऐकू येतं आणि त्याने फार नुकसान केलंय. हिशेबाबद्दल प्रश्न विचारणं विश्वस्ताचं काम आहे. कायद्यापुढे नऊही जण सारखे जबाबदार असतात. खजिनदाराने चूक केली आणि बाकी आठ जणांनी न वाचता सह्या केल्या तर 'आम्हाला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही. म्हणजे प्रश्न विचारणारा खजिनदाराला वाचवतो आणि स्वतःलाही. पण हे भाषण सभेत करू नका. त्याऐवजी एक पद्धत पाडा: हिशेबाचे कागद सभेच्या आठवडाभर आधी सगळ्यांकडे जातील आणि प्रत्येक विश्वस्ताने किमान एक प्रश्न लिहून आणायचा. प्रत्येकाने, अण्णांनीसुद्धा. सगळेच विचारायला लागले की विचारणारा एकटा पडत नाही. खजिनदारही तयारीने येतात, भर सभेत अडकल्यासारखं त्यांना वाटत नाही.

त्या तरुणाला तुम्ही स्वतः भेटा. फोन नको, घरी जा. त्याला सांगा की प्रश्न बरोबर होता. हेही सांगा की ज्येष्ठांना आधी वैयक्तिक विचारून मग सभेत मांडला असता तर उत्तर मिळालं असतं. दोन्ही खरं आहे. असा माणूस सोडून जाणं संस्थेला परवडणारं नाही, कारण तीस वर्षांच्या बहुतेक संस्थांपुढचा मोठा प्रश्न हाच आहे की पुढचं मंडळ कुठून आणायचं.

वसतिगृहाबद्दल तुम्ही पत्रात एका ओळीपलीकडे काही लिहिलं नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. कागद चुकले तर दंड भरून, माफीचा अर्ज करून सुटता येतं. मुलींच्या बाबतीत चूक झाली तर ती भरून काढता येत नाही. 2012 चा पॉक्सो कायदा सांगतो की अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'संस्थेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू' असं म्हणणारा विश्वस्त प्रेमापोटी म्हणत असला तरी तो मुलीवरही अन्याय करतो आणि संस्थेवरही. हे तुमच्या नऊही जणांना, अगदी सभेला न येणाऱ्यांनाही, स्पष्ट माहीत हवं. बालवाडीच्या ताई, वसतिगृहाच्या अधीक्षिका, स्वयंपाकाच्या मावशी, रखवालदार मिळून दहा किंवा जास्त कर्मचारी होत असतील तर 2013 च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही हवी. मानधनावरची माणसंही मोजा.

आणि हे शिक्षण सभेच्या खोलीत पुरं होत नाही. प्रत्येक विश्वस्ताने वर्षातून निदान एकदा, न सांगता, साध्या दिवशी संध्याकाळी वसतिगृहात जावं. 15 ऑगस्टला नाही, स्नेहसंमेलनाला नाही. पुरुष विश्वस्तांनी महिला विश्वस्ताबरोबर जावं. मुलींसोबत पंगतीला बसावं, जे ताटात येईल ते खावं. संडास-बाथरूमचे दिवे लागतात का, दारांना आतून कड्या आहेत का, एप्रिलमध्ये पाण्याचं काय होतं, तक्रार पेटी कोण उघडतं, रात्री एखादी आजारी पडली तर कुणाला फोन जातो. सोलापूरचा उन्हाळा आणि पाण्याच्या पाळ्या तुम्हाला मी सांगायला नको. परत आल्यावर पुढच्या सभेत विषय क्रमांक तीनमध्ये त्यांनी पाच मिनिटं बोलावं. ज्यांना आकडे जमत नाहीत ते विश्वस्त इथे फार चांगलं बघतात, आणि मंडळात त्यांचं वजन वाढतं.

नवीन विश्वस्त घेताना एक काळजी घ्या. आपण माणूस प्रतिष्ठित आहे म्हणून घेतो, नाव छापतो आणि त्याला काहीच सांगत नाही. घेण्याआधीच त्याच्या हातात फाईल द्या: घटना, शेड्यूल एकचा उतारा, तीन वर्षांचे ऑडिट, शेवटच्या काही सभांची इतिवृत्तं. हे वाचून ज्याला हो म्हणावंसं वाटेल त्यालाच घ्या. पहिलं वर्ष एका जुन्या विश्वस्ताने त्याला सोबत घेऊन फिरावं.

बाहेरचं प्रशिक्षण कायमचं बंद करा असं मी म्हणत नाही. वर्षभर घरचा अभ्यास झाला की मंडळाला स्वतःचे प्रश्न सापडतात, तेव्हा बाहेरच्या माणसाला बोलावण्याचा उपयोग होतो. सनदी लेखापालांच्या संस्थेची शाखा सोलापुरातच आहे, त्यांना संस्थांसाठी मराठीत एक सत्र घ्यायची विनंती करा, शेजारच्या दोन-तीन संस्थांना सोबत घ्या. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आहे, तिथली अभ्यासक मंडळी तासाभराच्या अंतरावर आहेत. कायदेशीर बाबींसाठी मुंबईची सेंटर फॉर ॲडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी ही संस्था अनेक वर्षं याच विषयावर काम करते. खर्चाची छोटी तरतूद अंदाजपत्रकात करा आणि ठराव करून करा, म्हणजे हॉटेलात शिबिर घेतलं असा आरोप पुढे कुणी करणार नाही.

एक सावधगिरी सांगते, कारण हे होताना मी पाहिलंय. शिक्षणाच्या नावाखाली ज्येष्ठांना बाजूला सारायचा मोह काही तरुण कार्यकर्त्यांना होतो. ज्येष्ठांना ते लगेच कळतं, आणि मग मंडळात दोन तट पडतात, वाद धर्मादाय कार्यालयात जातो आणि वर्षानुवर्षं चालतो. चेंज रिपोर्टवर हरकती येतात, बँकेची खाती अडकतात, वसतिगृहाच्या किराण्याचं बिल द्यायला पैसे असूनही देता येत नाहीत. अण्णांनी पायउतार व्हावं का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याला या अभ्यासाशी जोडू नका.

पुढच्या सभेची सूचना काढताना नियमावलीत सांगितलेले दिवस पाळा, आणि विषयपत्रिकेत असं लिहा: "विषय क्र. 3 : संस्थेच्या स्थापनेचा व जागेचा इतिहास. निवेदन : मा. अध्यक्ष." सूचना पाठवण्याआधी अण्णांच्या घरी जाऊन त्यांना तोंडी सांगा. ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

विलंब माफीचा अर्ज दाखल झाला की कळवा.